संशोधन गावाच्या कामी कसं यावं: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले प्राध्यापक, पीएच.डी. करणारी मुलं, ग्रामपंचायत सदस्य, आशाताई आणि शेतकरी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

'नॉलेज मोबिलायझेशन' असं हल्ली सारखं कानावर येतं. म्हणजे करायचं काय?

संशोधनातून जे कळलं ते ज्यांच्या उपयोगाचं आहे त्यांच्या हाती, त्यांना वापरता येईल अशा रूपात आणि वेळेवर द्यायचं. आणि त्यांना जे आधीपासून ठाऊक आहे ते संशोधनात आणायचं. ही वाहतूक दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे.

'वेळेवर' या शब्दावर आमचा विशेष भर आहे. आपल्याकडे भाताची धूळवाफ पेरणी पाऊस लागायच्या आत उरकते. बियाण्याबद्दलचा उत्तम निष्कर्ष जुलैत गावात आला, तर तो पुढच्या वर्षीपर्यंत कुणाच्याही कामाचा नाही. आणि पुढच्या वर्षी तो सांगायला कुणी येत नाही.

ही संज्ञा कॅनडात रुळली. तिथल्या यॉर्क आणि व्हिक्टोरिया या दोन विद्यापीठांनी २००६ मध्ये यासाठी एकत्र काम सुरू केलं आणि पुढे त्याचं देशभर जाळं झालं. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत निघालं ते याच हेतूने. आपल्या जिल्ह्यात मत्तीकोप आणि तुक्कानट्टी अशी दोन केंद्रं आहेत.

मग एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिरात आणि यात फरक काय?

एनएसएस १९६९ पासून आहे, उन्नत भारत अभियान २०१४ पासून. दोन्ही चांगली आहेत. पण गावात जाऊन रस्ता झाडणं, झाडं लावणं, आरोग्यावर भाषण देणं यात विद्यापीठाने स्वतः शोधून काढलेलं असं काही नसतं. इथे आपण बोलतोय ते संशोधनाबद्दल: तुमच्या विभागाने जे मोजलं, तपासलं, सिद्ध केलं किंवा खोडून काढलं, त्याबद्दल. शिबिराची ओळख असेल तर गावात शिरायला सोपं जातं, एवढा त्याचा उपयोग नक्की आहे.

आपल्या भागात असं खरोखर कधी घडलंय का?

घडलंय, आणि त्याची दखल जगाने घेतली आहे. आपल्याच लोकांना ते फारसं माहीत नाही याचं वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाळंतपणानंतर अंगावरून अति रक्त जाऊन बाई दगावणं हे जगभरातल्या मातामृत्यूंच्या सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक. ते रोखायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, पण ते थंड ठेवावं लागतं आणि द्यायला सुई टोचणारं शिकलेलं माणूस लागतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत अनेक बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात व्हायची. सोबतीला फार तर एएनएम, म्हणजे आपल्या नर्सबाई. फ्रीज कुठला आणि डॉक्टर कुठला.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर प्रश्न घेतला तो असा: मिसोप्रोस्टॉल ही साधी, फ्रीजशिवाय टिकणारी गोळी नर्सबाईंनीच बाळंतिणीला दिली तर अति रक्तस्राव टळतो का? २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० स्त्रियांवर ही चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. औषध नसलेल्या गटात १२ टक्के स्त्रियांना अति रक्तस्राव झाला, खऱ्या गोळीच्या गटात ६.४ टक्के. २००६ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आणि पुढच्या वर्षी, जिथे ऑक्सिटोसिन मिळत नाही तिथे गावपातळीवरच्या आरोग्यसेविकेने ती द्यावी अशी शिफारस केली. त्यामागे जगभरातले अनेक अभ्यास होते, आणि आपल्या खेड्यातल्या बायाबापड्यांनी भाग घेतलेला हा अभ्यास त्यातला महत्त्वाचा.

त्याच कामातली आणखी एक वस्तू जवळून बघण्यासारखी आहे. रक्त किती गेलं हे पूर्वी नजरेने ठरायचं: चादर किती भिजली, फडकी किती लागली. इथे बाळंतिणीच्या खाली एक प्लास्टिकची चादर अंथरली गेली. तिच्या खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी, त्या पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा. रक्त पिशवीत उतरतं आणि नर्सबाई रेघ वाचते. डॉक्टर नाही, यंत्र नाही, वीज नाही. बेळगावलाच झालेल्या तुलनेत दिसलं की नजरेचा अंदाज या चादरीच्या मोजमापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरतो, म्हणजे धोका ओळखायलाच उशीर होतो. रेघा असलेल्या अशा चादरीने मोजून लगेच उपचार सुरू करायचे, या पद्धतीची मोठी चाचणी पुढे आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत झाली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले: गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं.

आमच्या मते यातून घ्यायची गोष्ट अशी: प्रश्न निवडतानाच नर्सबाईच्या पिशवीत काय मावेल याचा विचार झाला होता. ज्या बाईने ते ज्ञान वापरायचं, तीच पहिल्या दिवसापासून संशोधनात होती. म्हणून शेवटी 'आता हे गावात कसं न्यायचं' अशी वेगळी अडचण उरली नाही.

मग प्रत्येक संशोधनाचं असं का होत नाही?

एक कारण प्राध्यापकांच्या पोटाशी निगडित आहे. बढती ठरते ती छापलेल्या शोधनिबंधांवर. गावात घेतलेल्या बैठकीला तिथे फारशी किंमत नाही. नियतकालिकाच्या नावावरून संशोधकाची लायकी ठरवू नका, असं आवाहन करणारा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाला आणि जगभरातल्या हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सहीनंतरची वाट बरीच लांब आहे.

दुसरं, निधी संपतो तेव्हा प्रकल्प संपतो. माहिती गोळा करायला जीपचं भाडं मंजूर असतं, निष्कर्ष परत सांगायला जायचं भाडं अर्जात लिहिलेलंच नसतं.

आणि तिसरं कारण आपल्या भागात फार जड आहे. ते म्हणजे भाषा. त्याचा प्रश्न खाली स्वतंत्र घेतला आहे.

आपल्या भागावर झालेले प्रबंध वाचायला कुठे मिळतात?

'शोधगंगा' या संकेतस्थळावर, फुकट. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे ठेवले जातात. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये सुरू झालं, त्याआधी आपली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. म्हणून जुनं काही हवं असेल तर धारवाडच्या नावाने शोधा. गावाचं नाव इंग्रजीत दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी घालून बघा. बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग २०१४ मध्ये Belgaum चं Belagavi झालं, त्यामुळे जुन्या आणि नव्या दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

विद्यापीठ कन्नड-इंग्रजीत चालतं, गाव मराठी बोलतं. हे जुळवायचं कसं?

नेहमीचा प्रकार असा होतो. प्रश्नावली इंग्रजीत तयार होते. तिचा कन्नड अनुवाद होतो. पाहणी करणारी मुलगी खानापूरच्या पश्चिमेकडच्या एखाद्या गावात जाते, तिथे दारात उभ्या मावशींना कन्नड समजत नाही, म्हणून ती जागच्या जागी मनाने मराठी करून प्रश्न विचारते. पुढच्या घरात दुसरा मुलगा वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न विचारतो. उत्तरं मात्र एकाच रकान्यात भरली जातात. असं गोळा झालेलं आकड्यांचं भांडार कितीही मोठं असलं तरी त्यावर भरवसा ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उपाय अवघड नाही. मराठी प्रश्नावली आधीच छापा. ती तयार झाल्यावर, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून तिचं पुन्हा इंग्रजी करून घ्या आणि मूळाशी ताडून बघा. मग गावातल्या चार-पाच बायकांना ती मोठ्याने वाचून दाखवा आणि 'तुम्हाला काय समजलं ते सांगा' म्हणा. संमतीपत्राचंही तेच. न कळलेल्या भाषेतल्या कागदावर उठवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

परत सांगताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाजारात सफाईने कन्नड बोलणारे कितीतरी मराठी लोक कन्नड वाचू शकत नाहीत. इंग्रजी माध्यमातली त्यांची नातवंडं मराठी बोलतात, पण अडखळत वाचतात. म्हणून छापील पत्रक एकट्याने पुरे पडत नाही. दोन मिनिटांचा आवाजातला निरोप, गावच्याच बोलीत, गावच्याच कुणाच्या आवाजात, व्हॉट्सॲपवर टाकला तर तो आजीपासून नातवापर्यंत सगळे ऐकतात. मापं गावाची वापरा: एकर-गुंठे, पोती, घागर. हेक्टर आणि लिटर निबंधात राहू देत.

आणि गावात कन्नड घरं असतील तर त्यांच्यासाठी कन्नडमध्येही तेवढ्याच काळजीने करा. निष्कर्ष एकाच गल्लीतल्या अर्ध्या घरांना कळला, तर तो गावात वापरला जाणार नाही.

निष्कर्ष गावासमोर मांडायचे कुठे? ग्रामसभेला तर माणसंच येत नाहीत.

ग्रामसभेत मांडायलाच हवेत, कारण ठराव तिथे होतो आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) ठरावावर काम करतात. पण माणसं जिथे आपण होऊन जमतात तिथे आधी जा. सकाळी आणि संध्याकाळी दूध डेअरीवर. स्त्रीशक्ती संघाच्या साप्ताहिक बैठकीत. हरिनाम सप्ताहात कीर्तनाआधी पंचांची परवानगी घेऊन दहा मिनिटं मागितली तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, फक्त तिथे राजकारण किंवा जाहिरात आणायची नाही.

आपल्या भागाचं एक मोठं बळ म्हणजे गावोगावची साहित्य संमेलनं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांत लोक वर्गणी काढून मांडव घालतात, ग्रंथदिंडी निघते, दिवसभर माणूस बसून ऐकतं. एखाद्या सत्रात आपल्या तालुक्याच्या पाण्यावर, मातीवर, शाळांवर झालेलं संशोधन सांगायला जागा का असू नये? आयोजकांना सुचवून बघा. ऐकणारी माणसं तयार बसलेली आहेत, हे भाग्य फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला येतं.

शेतीचा विषय असेल तर होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली विभागाच्या) रैत संपर्क केंद्राला, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्राला, वगळू नका. शेतकरी बी-बियाणं घ्यायला तिथे जातोच, आणि खिडकीपलीकडच्या माणसाने सांगितलेलं त्याच्या मनात राहतं.

आम्ही गावकरी आहोत. आम्हीच प्रश्न घेऊन विद्यापीठात जाऊ शकतो का?

जरूर जा. हा सगळ्यात चांगला रस्ता आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी यासाठी खास दालनं उघडली: लोकांनी प्रश्न आणायचा, विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तो सोडवायचा, पैसे नाहीत. आपल्याकडे तसं दालन नसेल तरी दारं आहेत.

बळ्ळारी नाल्याचंच घ्या. दर पावसाळ्यात येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातल्या भातात पाणी शिरतं. शेतकरी निवेदनं देतात, फोटो छापून येतात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे आणि शहरातल्या अनेक अभियांत्रिकी कॉलेजांत सिव्हिलच्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रकल्प करावाच लागतो. नाल्याची रुंदी कुठे किती उरली, कुठल्या पुलाखाली गाळ साचतो, पाणी कुठल्या बांधावरून आधी फुटतं हे नकाशावर मोजून घेतलं, तर निवेदनाला वजन येतं. यातलं शेवटचं उत्तर तर तिथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. त्याने ते मुलांना दाखवायचं, मुलांनी मोजायचं.

कोणत्या प्रश्नासाठी कुठे जायचं हे थोडक्यात: ऊस असेल तर संकेश्वरचं कृषी संशोधन केंद्र, ते धारवाडच्या कृषी विद्यापीठाखाली आहे. पिकाची रोगराई, माती, जनावरं यासाठी कृषी विज्ञान केंद्र. समाज, शिक्षण, अर्थकारण यासाठी भुतरामहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ. जाताना पंचायतीचं किंवा संघाचं पत्र न्या, आणि प्रश्न एका वाक्यात लिहून न्या. 'रताळ्याला भाव मिळत नाही' यापेक्षा 'काढणीनंतर रताळी महिनाभर टिकवायला घरच्या घरी काय करता येईल' असा प्रश्न असेल तर कुणीतरी तो हातात घेईल.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात झालेल्या संशोधनाचा इथे उपयोग होतो का?

रोज होतो. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून निघालेला 'फुले २६५' निपाणी-चिकोडीकडच्या शेतात पाहुण्यारावळ्यांच्या ओळखीने आला. क्षारपड जमिनीत तो तग धरतो हे शेतकऱ्यांनी एकमेकांच्या रानात बघितलं होतं. पाहुण्याच्या रानात उभं पीक दिसणं हे कुठल्याही पत्रकापेक्षा मोठं माध्यम आहे, संशोधकांनी त्याचा मुद्दाम वापर केला पाहिजे.

आरोग्यात गडचिरोलीचं उदाहरण आहेच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, २०११ मध्ये ते देशभरातल्या आशांच्या कामात आलं. आज हिंडलग्याची किंवा जांबोटीची आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांत ठरलेल्या वारी घरी येते, बाळाचं वजन करते, ते त्या संशोधनाचंच पुढचं पाऊल.

जंगलातल्या औषधी झाडांची माहिती संशोधक विचारून जातात. आम्हाला काय मिळतं?

बेळगावात राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, खानापूरचं जंगल शेजारी आहे, त्यामुळे हा प्रश्न येणारच. नरक्याचं झाड आठवा. त्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांना लागणारं द्रव्य आहे असं कळल्यावर पश्चिम घाटात त्याची बेसुमार तोड झाली. माहिती बाहेर गेली, झाडं गेली, गावाला उरलं काहीच नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकांनी मिळून तयार केलेली नोंदवही असायला हवी. तुमच्या पंचायतीत ती नोंदवही बघायला मागा. वैदू, गवळी-धनगर, जाणत्या बायका यांची नावं ज्ञान देणारे म्हणून तिथे नोंदवून घ्या. कुणी संशोधक आला तर समितीमार्फत बोला, आणि अहवालाची मराठी प्रत देण्याचं लेखी घ्या. झाडाची नेमकी जागा छापू नका, असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

निष्कर्ष गावाला न रुचणारा असेल तर?

निपाणीकडचं उदाहरण घेऊ. तंबाखूच्या धुरळ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या छातीवर, डोळ्यांवर, पाठीवर काय परिणाम होतो हे कुणी मोजलं आणि थेट पेपरात दिलं, तर त्या बायकांना आधी भीती वाटते ती काम जाण्याची. हजार विड्यांमागची मजुरी आणि त्यातली छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) यावर त्यांचं घर चालतं. त्यांना खोकल्याची बातमी नवी नसते.

म्हणून निष्कर्ष आधी त्यांच्यासमोर, बंद खोलीत, पत्रकाराशिवाय. त्यांना विचारा: यातलं तुम्हाला कुठे वापरता येईल? खेळती हवा, दवाखान्याचं कार्ड, तपासणीची मागणी, मुलींसाठी दुसरं काम, काय ते त्या ठरवतील. मग जाहीर करा. निष्कर्ष बदलायचा नाही, लपवायचा तर मुळीच नाही. फक्त ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना तो परक्याकडून कळू नये.

उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी देऊन अथणी-चिकोडीकडच्या जमिनी क्षारपड होतात हे सांगतानाही असंच. दोष देत गेलात तर दार लागतं. पाइपचा निचरा काढून सुधारलेलं एखादं रान दाखवायला घेऊन गेलात तर माणसं गाडीत बसतात.

परिणाम झाला हे मोजायचं कसं?

ब्रिटनमध्ये २०१४ पासून विद्यापीठांच्या संशोधनाच्या मूल्यमापनात समाजावरच्या परिणामाला स्वतंत्र गुण आहेत: तेव्हा २० टक्के, २०२१ च्या फेरीत २५. पुराव्यासह गोष्ट लिहून द्यावी लागते. त्याचा एक तोटा असा की चटकन दिसणाऱ्या परिणामांच्या मागे लोक लागतात.

आम्ही साध्या खुणा बघतो. पंचायतीचा ठराव झाला का. आशाताईच्या वहीत नवा रकाना आला का. रैत संपर्क केंद्रात दिला जाणारा सल्ला बदलला का. आणि प्रकल्प संपून दोन-तीन वर्षांनी गेलो तर ती गोष्ट आमच्याशिवाय चालू आहे का. किती लोक कार्यशाळेला आले, हा आकडा आम्ही परिणामात धरत नाही.

पैसे कुठून आणायचे?

मूळ अर्जातच मागा. अनुवाद, छपाई, गावात परत जाण्याचा प्रवास, मदत करणाऱ्या गावकऱ्यांची रोजंदारी. नंतर मागितलेलं मिळत नाही.

मी पीएच.डी. करतोय, वेळ नाही, गाइड तयार नाहीत. निदान काय करू?

प्रबंध सादर करायच्या आधी एका पानाचं मराठी टिपण लिहा: काय विचारलं, काय कळलं, त्याचं काय करता येईल, काय अजून ठरलेलं नाही. संपर्काला तुमचा नंबर. ते आईला किंवा शेजारच्या काकांना वाचायला द्या, अडतील ती वाक्यं बदला. मग ज्या गावांत पाहणी केली तिथे एक रविवार जा. ज्या घरांनी चहा दिला, वेळ दिला, त्यांना टिपण द्या आणि वाचून दाखवा. एक प्रत पंचायतीत पीडीओंकडे पोच घेऊन, एक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, एक गावच्या वाचनालयात. लोक तुमची एखादी चूक दाखवतील. ती प्रबंधात दुरुस्त करायला तेव्हा अजून वेळ असेल, म्हणून सादर करायच्या आधीच जा.